चालत्या भाषेतून काढून घेताना

प्रोग्रामिंगच्या भाषेत नवीन काय आले, हे सांगणाऱ्या पुस्तकांना आणि व्हिडिओंना तोटा नाही. भाषेत एकदा घातलेली सोय परत कशी काढायची, यावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही. हे पुस्तक त्या एकाच प्रश्नावर आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरणही एकच आहे: जावास्क्रिप्टने आपल्या अंगभूत क्लासना, म्हणजे अ‍ॅरे, प्रॉमिस, रेगएक्स यांना, सबक्लास करण्याच्या ज्या सवलती २०१५ साली दिल्या, त्यातल्या काही आता काढून घेता येतील का, आणि घेतल्या तर जगभरची जुनी पाने न मोडता त्या कशा काढायच्या.

लिहिताना डोळ्यांसमोर जळगाव आणि धुळ्याचे विद्यार्थी होते. आपल्याकडच्या मुलांना इनहेरिटन्स पाठ असतो. सी प्लस प्लस आणि जावाच्या पेपरात प्राणी आणि कुत्रा, वाहन आणि ट्रक यांच्या आकृत्या ती बिनचूक काढतात. पुढे नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला गेल्यावर मात्र पहिल्या दिवशी नवीन क्लास लिहायचे काम क्वचितच मिळते. मिळतो तो सातआठ वर्षांचा जुना कोड, आणि त्यातला एखादा भाग काढून टाका असा निरोप. काय काढले तर काय पडेल, हे ओळखायला कॉलेजात कोणी शिकवलेले नसते. ते शिकायला जावास्क्रिप्टसारखी दुसरी शाळा नाही, कारण तिच्याइतकी माणसे रोज वापरतात अशा भाषा फार थोड्या आहेत आणि काढण्याच्या बाबतीत तिच्याइतकी बांधलेली भाषा मला दुसरी दिसत नाही.

आधी सोय काय आहे ते पाहू. समजा, रावेर-सावद्याच्या केळीच्या रोजच्या भावांची यादी ठेवायची आहे. साधा अ‍ॅरे पुरतो, पण आपल्याला त्यावर सरासरी काढणारी एक मेथडही हवी आहे. म्हणून आपण अ‍ॅरेला एक्स्टेंड करून नवा क्लास करतो. जावास्क्रिप्टमध्ये क्लासचे नाव देवनागरीत लिहिलेले चालते, तेव्हा नाव 'भावयादी' ठेवू. भावयादीची वस्तू तयार केली की ती खऱ्या अ‍ॅरेसारखी वागते: नवा भाव घातला की लेंग्थ आपोआप वाढते, लेंग्थ कमी केली की मागचे भाव गळून पडतात. २००९ च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत हे नीट जमत नव्हते. २०१५ च्या आवृत्तीत क्लास आणि सुपर आले तेव्हा जमू लागले. ही पहिली पायरी. ती काढा असे कोणीच म्हणत नाही.

दुसरी पायरी अशी. भावयादीवर फिल्टर चालवून हजाराच्या वरचे भाव वेगळे काढले, तर हातात काय यावे, साधा अ‍ॅरे की भावयादी? २०१५ पासूनचे उत्तर आहे, भावयादी. फिल्टर ही अ‍ॅरेची स्वतःची मेथड असूनही ती मूळ वस्तूला तिचा कन्स्ट्रक्टर विचारते आणि त्याच्याकडून नवी वस्तू करवून घेते. कानाला हे फार छान वाटते. पण आता भावयादीच्या कन्स्ट्रक्टरला बाजाराचे नाव पहिला आर्ग्युमेंट म्हणून द्यायचे ठरवा. फिल्टरला हे कुठून कळणार? ती कन्स्ट्रक्टरला शून्य हा आकडा देते. मॅप असेल तर मूळ यादीची लांबी देते. म्हणजे बाजाराच्या नावाच्या जागी ० किंवा ३६५ येऊन बसतो. एरर येत नाही आणि कन्सोलवर लाल ओळही दिसत नाही, फक्त अहवालात 'बाजार: ३६५' असे छापले जाते. सबक्लास लिहिणाऱ्याने हा करार कुठेही केलेला नसतो. भाषेने तो परस्पर करून टाकलेला असतो.

या अडचणीवर उतारा म्हणून तिसरी पायरी आली, सिम्बॉल.स्पीशीज. भावयादीने या नावाचा एक स्टॅटिक गेटर ठेवायचा आणि त्यातून सांगायचे की माझ्यापासून नवी वस्तू कराल तेव्हा माझा कन्स्ट्रक्टर नको, हा दुसरा वापरा. चौथी पायरी मुख्यतः रेगएक्सची. स्ट्रिंगमध्ये रिप्लेस करताना भाषा रेगएक्सची एक्झेक ही मेथड त्या वस्तूकडून उघडपणे मागते, म्हणजे कोणीही मध्ये आपली एक्झेक बसवू शकतो. फ्लॅग्ज वाचायचे तर ग्लोबल, इग्नोरकेस, मल्टिलाइन असा एकेक गुणधर्म स्वतंत्रपणे विचारला जातो, कारण तोही कोणी बदललेला असू शकतो. स्प्लिटचे तर आणखी पुढचे: ती स्पीशीजला विचारून आधी एक नवीनच रेगएक्स तयार करते आणि मग कामाला लागते.

स्पीशीज ही कल्पना भाषेचे मानक ठरवणाऱ्या समितीने हवेतून काढलेली नाही. तिचे घर स्मॉलटॉक. त्या भाषेत आकड्यांची सलग रांग दाखवणारा इंटरव्हल नावाचा क्लास आहे. १ ते १० या इंटरव्हलमधल्या प्रत्येक आकड्याचा वर्ग केला तर १, ४, ९, १६ असे येते, आणि ही रांग सारख्या अंतराची राहत नाही, म्हणजे ती इंटरव्हलमध्ये मावतच नाही. म्हणून इंटरव्हलला स्पीशीज विचारली की तो सांगतो, अ‍ॅरे. किती नेटके उत्तर आहे! २०१५ च्या आवृत्तीचे संपादक अ‍ॅलन विर्फ्स-ब्रॉक यांची जडणघडण स्मॉलटॉकच्याच जगातली. त्यांनी आणलेल्या कल्पनेत खोट काढण्यासारखे काही नव्हते. फरक पडला तो जागेचा. वेबवर एकच इंजिन अनोळखी माणसांनी लिहिलेला कोड क्षणाक्षणाला चालवत असते, आणि तिथे या सोयीची किंमत फार वेगळी निघाली.

ती किंमत जवळून पाहण्यासारखी आहे. भावयादी तुम्ही लिहा वा न लिहा, तुमच्या पानावरच्या अगदी साध्या अ‍ॅरेवर स्लाइस चालवली तरी नियमाप्रमाणे इंजिनाने विचारायलाच हवे: तुझा कन्स्ट्रक्टर कोण? त्याची स्पीशीज कोण? कोणी मध्ये काही बदलले आहे का? दर वेळी हे विचारत बसले तर स्लाइस मंद होते. म्हणून क्रोमच्या व्ही-८ इंजिनात एक खूण ठेवलेली असते. 'अ‍ॅरेच्या स्पीशीजला कोणी हात लावलेला नाही' एवढेच ती सांगते. खूण शाबूत आहे तोवर इंजिन थेट जलद वाटेने जाते. एका जरी अ‍ॅरेच्या कन्स्ट्रक्टरवर कोणी काही लिहिले, तरी खूण पुसली जाते आणि मग ज्यांचा काही संबंध नाही असे अ‍ॅरेही लांबच्या वाटेने जाऊ लागतात.

कोअर-जेएस या लायब्ररीत हे खरोखर घडले. जुन्या ब्राउझरना नव्या सोयी पुरवणारी ही लायब्ररी असंख्य संकेतस्थळांच्या पोटात असते. ब्राउझरला स्पीशीज येते का, हे तपासायला तिने एक छोटी चाचणी ठेवली होती: एक अ‍ॅरे घ्यायचा, त्याच्या कन्स्ट्रक्टरच्या जागी आपली वस्तू ठेवायची, मेथड चालवायची आणि काय परत येते ते पाहायचे. चाचणी बरोबर होती, पण ती चालली की व्ही-८ मधली खूण पुसली जायची आणि सगळे पान धिमे व्हायचे. शेवटी तिथे टीप लिहून वेगळी वाट काढावी लागली: व्ही-८ ची आवृत्ती ५१ किंवा पुढची असेल तर चाचणी करूच नका, स्पीशीज आहे असे धरून चला. एखादी सोय आहे की नाही एवढे विचारल्यानेच कार्यक्रम मंदावतो, याहून बोलका पुरावा मला दुसरा सापडलेला नाही.

वेगापेक्षा गंभीर बाब सुरक्षेची. फिल्टर किंवा मॅप इंजिनाच्या आत लिहिलेली असते, तिला मेमरीतल्या जागा ठाऊक असतात. काम अर्ध्यावर असताना ती परक्याच्या कन्स्ट्रक्टरला हाक मारते. त्या क्षणी तो परका कोड काहीही करू शकतो: मूळ अ‍ॅरेची लेंग्थ शून्य करील, नव्याच्या जागी आधीचाच एखादा वेगळ्या जातीचा अ‍ॅरे परत देईल. इंजिन लिहिणाऱ्याने परत आल्यावर सगळे पुन्हा तपासले नाही, तर इंजिन दुसऱ्याच्या मेमरीत वाचू-लिहू लागते. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोतल्या नॅटली सिल्व्हानोविच यांनी २०१६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट एजच्या त्या वेळच्या इंजिनात याच वाटेने चुका शोधून काढल्या. अ‍ॅरेची फिल्टर त्यात होती. स्पीशीज आली तेव्हा अनेक मेथड आधीपासून लिहिलेल्या होत्या आणि त्या लिहिताना नवी वस्तू करण्याच्या कामात मध्येच कोणी परका येईल असे कोणाच्या मनातही नव्हते. म्हणूनच अशी छिद्रे एका इंजिनापुरती राहिली नाहीत.

इतके असताना सोय काढून का टाकत नाहीत? पायथॉनने तर हे केले. २००८ च्या डिसेंबरमध्ये तिसरी आवृत्ती आली, जुने सोडले, आणि दुसरीला निरोप द्यायला १ जानेवारी २०२० उजाडला. त्या काळात ज्याला जमेल तसे त्याने आपला कोड बदलला. वेबला ही वाट मोकळी नाही. पायथॉनमध्ये कोणती आवृत्ती चालवायची हे प्रोग्राम चालवणारा ठरवतो. वेबवर पान लिहिणारा एक आणि ब्राउझर अपडेट करणारा दुसराच असतो. क्रोम रात्री आपोआप अपडेट होतो, आणि सकाळी एखाद्या व्यापाऱ्याचे काही वर्षांपूर्वी करून घेतलेले पान उघडत नाही. ते पान करून देणारा मुलगा केव्हाच दुसऱ्या गावी गेलेला असतो. व्यापाऱ्याला स्पीशीज माहीत नाही आणि माहीत असण्याचे कारणही नाही. टीसी-३९, म्हणजे या भाषेचे मानक ठरवणारी समिती, 'वेब मोडायचा नाही' हा नियम पाळते तो अशा माणसासाठी. मला हा नियम तांत्रिक कमी आणि सभ्यतेचा जास्त वाटतो.

आपल्या भागातल्या वाचकाला हा नियम समजावून सांगायला लांब जायला नको. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले, पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश. पुढे त्यांची नावे जळगाव आणि धुळे झाली, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. आज पूर्व खानदेश नावाचा जिल्हा कुठल्याही ड्रॉपडाउनमध्ये नाही. पण जात पडताळणीला जाणाऱ्या घरात विचारा. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, अनुसूचित जमातीसाठी १९५० पूर्वीचा. मग आजोबांच्या शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद असे कागद बाहेर येतात आणि त्यांवर जिल्हा लिहिलेला असतो पूर्व खानदेश. तो कागद 'असा जिल्हा अस्तित्वात नाही' म्हणून परत करता येत नाही. जिल्हा गेला, पण त्या नावाने झालेल्या नोंदी वाचण्याची जबाबदारी गेली नाही. भाषेच्या समितीपुढेही हेच आहे. फरक इतकाच की तिच्याकडे येणारे कागद मोजता येत नाहीत.

हा धोका किती खरा आहे, ते २०१८ च्या मार्च महिन्यात दिसले. अ‍ॅरेला फ्लॅटन नावाची नवी मेथड द्यायची होती. इथे काढायचे काहीच नव्हते, फक्त घालायचे होते. फायरफॉक्सच्या नाइटली आवृत्तीत ती येताच एक संकेतस्थळ बिघडल्याची तक्रार आली. त्या पानावर मूटूल्स ही जुनी लायब्ररी होती. मूटूल्स अ‍ॅरेवर स्वतःची फ्लॅटन बसवते आणि मग अ‍ॅरेच्या सगळ्या दिसणाऱ्या मेथड आपल्या दुसऱ्या एका वस्तूवर उतरवून घेते. ब्राउझरची अंगभूत फ्लॅटन आधीच तिथे असली की मूटूल्सची फ्लॅटन तिच्या जागी बसते खरी, पण अंगभूत मेथड फॉर-इन लूपमध्ये न दिसणारी असल्याने तीही दिसेनाशी होते आणि उतरवायची राहून जाते. शेवटी समितीने नाव बदलून फ्लॅट केले. त्याआधी कंटेन्स या नावाचेही असेच झाले होते, म्हणून आज आपण इन्क्लूड्स लिहितो. घालताना ही गत, तर काढताना किती जपावे लागेल याचा अंदाज यावरून यावा.

अंगभूत सबक्लासिंग कमी करण्याचा प्रस्ताव २०२० साली टीसी-३९ पुढे आला. मोझिलाच्या युलिया स्टार्त्सेव्ह आणि गूगलचे शु-यू गुओ यांनी तो मांडला. वर सांगितलेल्या चार पायऱ्यांची वर्गवारी त्या प्रस्तावातली आहे. त्याने पहिल्या टप्प्यात प्रवेश केला, म्हणजे 'प्रश्न विचार करण्याजोगा आहे' एवढे समितीने मान्य केले. पुढचा सगळा रस्ता पुराव्याचा आहे.

हा पुरावा गोळा करण्याची पद्धत या पुस्तकाचा मोठा भाग व्यापते, कारण कोणत्याही जुन्या प्रणालीला ती लागू पडते. ब्राउझरमध्ये मोजणीच्या खुणा पेरलेल्या असतात. अमुक वाटेने किती पाने जातात याची एकत्रित गणती होते. पण आकड्याच्या पलीकडेही पाहावे लागते. ऑफिसच्या आतल्या जाळ्यात चालणारी पाने अशा गणतीत बहुतेक वेळा येतच नाहीत, आणि आपल्याकडे पतपेढी, बाजार समिती, कॉलेजचा परीक्षा विभाग यांचे काम अशाच पानांवर चालते. शिवाय एखादे पान त्या वाटेने गेले म्हणजे ती वाट बंद झाल्यावर ते मोडेलच असे नाही. भावयादीच्या जागी साधा अ‍ॅरे मिळूनही पुष्कळ पाने सुरळीत चालतील. किती मोजले गेले आणि किती मोडेल हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याचे उत्तर पाने एकेक उघडून पाहिल्याशिवाय मिळत नाही.

शिवाय 'हे कोणी वापरतच नाही' असे म्हणणाऱ्याने नोड.जेएसचा कोड उघडावा. नोडमधला बफर हा टाइप्ड अ‍ॅरेपैकी युइंट-८ अ‍ॅरेचा सबक्लास आहे. बफरचा जुना कन्स्ट्रक्टर आता वापरू नये असे नोड स्वतःच सांगते. त्यामुळे मॅप किंवा फिल्टरने त्याला हाक मारू नये म्हणून बफरवर स्पीशीजचा गेटर बसवला आहे आणि तो आतल्या फास्टबफर या क्लासकडे बोट दाखवतो. म्हणजे स्पीशीज ज्यासाठी केली होती नेमक्या त्याच कामासाठी ती इथे वापरली आहे. उद्या नुसती तिसरी पायरी काढली आणि दुसरी ठेवली, तर बफरची मॅप पुन्हा त्या जुन्या कन्स्ट्रक्टरकडे जाईल. दोन्ही काढल्या तर हातात बफरऐवजी साधा युइंट-८ अ‍ॅरे येईल आणि त्यावर टू-स्ट्रिंगला हेक्स सांगणारा कोड हेक्सऐवजी स्वल्पविरामांनी जोडलेले आकडे देईल. कोअर-जेएसचेही तसेच. ज्या इंजिनांत तिची ती चाचणी आजही चालते, तिथे स्पीशीज गेली की लायब्ररीला वाटेल या ब्राउझरची मॅपच अपुरी आहे, आणि ती अंगभूत मॅपच्या जागी स्वतःची धिमी मॅप बसवील. वेगासाठी काढलेल्या गोष्टीने वेगच कमी होईल.

मग काढू नये का? काढावी, असे माझे स्पष्ट मत आहे, पण सगळी एकदम नाही. अ‍ॅरेबफर आणि टाइप्ड अ‍ॅरे इथून सुरुवात व्हावी, कारण तिथला वापर थोडा, ओळखीचा आणि नोडसारख्या जबाबदार हातांत आहे. त्यांच्याशी आधी बोलून त्यांचा कोड बदलून घेता येतो. त्यानंतर अ‍ॅरे. रेगएक्सच्या चौथ्या पायरीला मी फार जपणार नाही, कारण तिथे मिळणाऱ्या फायद्याच्या मानाने प्रत्येक रिप्लेसवर पडणारा भार अवास्तव आहे. दुसऱ्या पायरीबाबत माझे मन अजून डळमळीत आहे. भावयादीतून भावयादीच मिळावी ही अपेक्षा नवख्यालाही स्वाभाविक वाटते आणि ती मोडली तर सर्वात जास्त गोंधळ त्याचाच होईल.

एक गोष्ट मात्र कोणतीही मोडतोड न करता आधीच सुरू झाली आहे, आणि मला या सगळ्या कथेत तीच सर्वात शहाणपणाची वाटते. २०२३ च्या आवृत्तीत अ‍ॅरेला टू-सॉर्टेड, टू-रिव्हर्स्ड, टू-स्प्लाइस्ड आणि विथ या मेथड मिळाल्या. मूळ यादी न बदलता नवी देणाऱ्या या चारही मेथड स्पीशीजला विचारत नाहीत. भावयादीवर टू-सॉर्टेड चालवा, साधा अ‍ॅरे मिळतो. जुन्या मेथड जुन्या कराराने चालतात, नव्यांना तो करार लागूच केलेला नाही. सोय काढली नाही, पण तिचे पसरणे थांबवले.

पुस्तक वाचायला जावास्क्रिप्टचे साधे ज्ञान पुरे. पहिल्या प्रकरणाआधी वाचकाने एकच करावे. भावयादी लिहावी, तिच्यावर स्लाइस, फिल्टर आणि टू-सॉर्टेड चालवावी, आणि प्रत्येकातून कोणत्या क्लासची वस्तू आली ते क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत छापून पाहावे. मग कन्स्ट्रक्टरला बाजाराचे नाव द्यावे आणि तेच पुन्हा चालवावे. प्रॉमिसचे प्रकरण मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. तिथे सबक्लास करणारे कोड खरोखर पुष्कळ आहेत, अँग्युलरसोबत वर्षानुवर्षे येत राहिलेली झोन.जेएस तर पानावरचे प्रॉमिसच बदलून टाकते, आणि अ‍ॅरेवर जे मार्ग चालतील असे मला वाटते त्यातला एकही तिथे जसाच्या तसा चालत नाही.